एका बाजूला एक आवे मारिया

आमच्या गावात फेरातेल्ले भाजायला घड्याळ लागत नाही. लोखंडी साच्यात पिठाचा गोळा ठेवायचा, साचा मिटायचा, विस्तवावर धरायचा आणि एक आवे मारिया म्हणायची, मादोन्नाची म्हणजे मरियामातेची छोटी प्रार्थना. साचा उलटायचा, दुसरी म्हणायची. उघडायचा. पापडासारखा पातळ, जाळीजाळीचा, बडीशेपेच्या वासाचा फेरातेल्ला सुटून ताटात पडतो.

प्रार्थना देवाची असली तरी वेग मात्र ज्याचा त्याचा. जिचा जीव घरी उतू जाणाऱ्या दुधात अडकलेला, तिचे फेरातेल्ले फिकट. जी मधेच शेजारणीच्या सुनेबद्दल दोन शब्द बोलून घेते, तिचे करपट. त्यामुळे लग्नाच्या ताटातला एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला की भाजणारीची भक्ती, घाई आणि घरातली धुसफूस एकदमच वाचता येते. आणि आम्ही वाचतो. वाचत नाही असं म्हणणारी बाई आमच्या पिएत्राफ्रेद्दात अजून जन्मायची आहे.

एर्सिलियामावशीच्या फेरातेल्ल्यांत मात्र वाचायला काही मिळायचं नाही. पहिला आणि सहाशेवा, दोन्ही कापणीला आलेल्या गव्हाच्या रंगाचे. पाद्री चेझीदियोंनी एका रविवारी प्रवचनात तिचा फेरातेल्ला वर धरला होता आणि म्हटलं होतं, "बघा, न घसरता म्हटलेल्या प्रार्थनेचा रंग असा असतो." मावशी तिसऱ्या बाकावर बसली होती. खाली मान घालून. आम्हाला वाटलं, विनय.

मी भाजत नाही. माझी आवे मारिया फार पळते, अर्ध्या वाटेत 'आमेन' गाठते. मी मोजते. कोणाकडे लग्न निघालं की ताटं लावायला, डझन बांधायला, कोणत्या घरून किती आले होते आणि कोणत्या घरी किती जायला हवेत हे सांगायला मला, आदेलिनाला, बोलावतात. माझ्या डोक्यात गावातल्या प्रत्येक घराचं पान आहे. मी ते कोणाला दाखवत नाही, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

तर त्या सप्टेंबरात मावशीच्या नातीचं, दोरीनाचं लग्न ठरलं. रविवारी लग्न, शनिवारी ताटं निघायची, म्हणून बुधवारी सकाळी मी मावशीच्या स्वयंपाकघरात हजर. हे घर सोडून गावात उरलेली घरं बावन्न. एक्कावन्न घरांना बारा-बारा आणि नवऱ्यामुलाच्या घरी तीस. एकूण सहाशे बेचाळीस. तुटतील ते वेगळे. म्हणजे बाराशे चौऱ्यांशी आवे मारिया. एवढ्यात एखादा मध्यम पापी सहज स्वर्गात पोचला असता.

मावशी चुलाण्यासमोर बुटक्या खुर्चीवर बसली होती. वय शहात्तर. हातात माहेरून आलेला साचा, लांब दांड्यांचा, दोन किलोंचा, एका पाटीवर जाळी आणि दुसऱ्या पाटीवर मधोमध तिच्या बापाच्या घराची अक्षरं. ती अक्षरं प्रत्येक फेरातेल्ल्यावर उमटतात, त्यामुळे दुसऱ्याच्या साच्यावर गुपचूप काम उरकून घ्यायची सोयच नाही. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून कामातून गेलेला होता. साचा उचलताना ती आधी श्वास घ्यायची, मग ओठ घट्ट मिटायची, आणि मग साचा यायचा.

पलीकडे टेबलाशी तिची सून लोरेता पिठाचे गोळे वळत होती. अक्रोडाएवढे, सगळे सारखे. मावशीचा मुलगा बेरार्दो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत मेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. दोरीना तेव्हा पोटात होती. तेव्हापासून या घरात दोघी बायका आणि एक मुलगी. एकोणीस वर्षं लोरेता गोळे वळते आहे. साचा तिच्या हाती एकदाही आला नव्हता.

"आई, आज निदान अर्धे मी भाजते," लोरेता म्हणाली.

"मी मेले की भाज."

"मग आधी तारीख तरी कळवा. ताटं शनिवारी निघायचीत."

"ऐकलंस, आदेलिना? एकोणीस वर्षं गप्प होती. व्याही मिळाले आणि तोंड फुटलं."

"तोंडाचं सोडा, खांद्याचं बोला," मी म्हटलं. "फिलाडेल्फियाच्या भाचीनं विजेचा साचा पाठवला होता ना? दोन-दोन निघतात म्हणे एका वेळी. दिवा लागतो, दिवा विझतो, झालं."

"तो विझला तो विझलाच. इथली वीज त्याला सोसली नाही. धूर काढून मेला. कपाटात आहे, हवा तर दर्शन घे."

हसलो आम्ही, पण नीट कोणी हसलं नाही. कारण तिघींच्याही मनात एल्वीरा होती. एल्वीरा प्रेसुत्ती, नवऱ्यामुलाची, क्विरीनोची आई, राहायला बरोबर समोर. गेल्या आठवड्यात किराणा दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात ती म्हणाली होती, "मुलगी गुणी आहे. बापाविना वाढली, तरी गुणी आहे. आता ताट आलं की घरही कळेल." रिवाज असा की पहिलं ताट नवऱ्यामुलाच्या घरी जातं, आणि सासू प्रत्येक फेरातेल्ला खिडकीशी नेऊन बघते. तीसच्या तीस. फिकट निघाले तर मुलगी घाईगर्दीच्या घरची. करपले तर निष्काळजी घरची. लग्न मोडत नाही त्यानं, पण पुढची तीस वर्षं सुनेनं केलेल्या प्रत्येक सूपात तो फेरातेल्ला तरंगत राहतो.

लोरेताला बाकी काही नको होतं. ते तीस चोख जायला हवे होते. तिला साचा हवा होता तोही त्यासाठीच, कारण सासूला साचा उचलताना तिनं पाहिलं होतं.

मावशीनं काट्याला खोचलेली चरबी पाट्यांवर फिरवली. पहिला फेरातेल्ला साचा तापवण्यापुरता, तो टाकून द्यायचा. दुसरा ताटात पडला.

फिकट.

तिसराही. चौथा बरा. पाचवा, सहावा, फिकट. नुसते फिकट नव्हेत, मधे मऊ. मी वीस मोजले, त्यात अकरा ताटात लावण्याजोगे नव्हते. मावशीच्या ताटात असं मी कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीतल्या बाईनं अचानक शीळ घालावी तसं वाटलं.

"लाकूड ओलं आहे," मावशी म्हणाली.

"बदामाचं आहे. दोन वर्षं वाळलेलं," लोरेता म्हणाली.

"मग अंडी. त्या कोंबड्यांना तू हल्ली काय घालतेस कोण जाणे."

"गेल्या महिन्यात जे घालत होते तेच."

"मग पीठ. पानफिलोच्या गिरणीतलं पीठ, त्याच्यासारखंच. दिसायला पांढरं."

 लोरेतानं अकरा फिकट फेरातेल्ले उचलले आणि फडक्याखाली झाकून ठेवले, जसं एखाद्याचं उघडं पडलेलं अंग झाकावं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: बघ काय होतंय ते, तुला डोळे आहेत.

मी बघू लागले. विस्तव ठीक होता. साचा तोच. उरलं काय, तर मावशीचे ओठ. ते हलत होते, नेहमीसारखेच. पण एका ठिकाणी येऊन ते थांबायचे, अर्धवट उघडे राहायचे, आणि ती साचा उलटायची. दुसऱ्या बाजूलाही तेच, तिथंच. जिन्याची एक पायरी निखळली आहे हे पायाला ठाऊक असावं, तशी ती तिथं अडखळायची.

एक तुटका फेरातेल्ला जमिनीवर पडला. मी तो उचलायला तिच्या खुर्चीमागे वाकले, आणि कंबरेनं त्याच क्षणी दगा दिला. उठता येईना. माझा कान तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. तेव्हा मला ऐकू आलं. ती आवे मारिया नव्हतीच.

"मादोन्ना, नाही आली. गिरणीवाला पानफिलो, नाही आला. मार्कोतुल्ली, भाऊ दोन, चुली दोन, दोन्ही नाही आले. मास्तरीण इदा, नाही आली. घंटावाला वेनान्त्सियो, घंटा वाजवली नि घरी गेला, नाही आला. आदेलिना, मोजणारी, नाही आली…"

आणि ओठ थांबले. साचा उलटला. आणि पुन्हा पहिल्यापासून, मादोन्ना.

मी तशीच वाकून राहिले. कंबर कधीच सुटली होती.

कुठं नाही आले हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे ज्या घरात मरण होतं त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारची घरं जेवण घेऊन येतात, दुपारचं एक, रात्रीचं एक. बेरार्दोची शवपेटी फेब्रुवारीत आली, बर्फात. तीन दिवस, सहा जेवणं. ज्यांच्या वाट्याला जेवण येत नाही ते साखर नेतात, कॉफी नेतात, निदान दारात उभे राहून जातात.

मी गेले नव्हते.

"उठतेस की तुलाही उचलू?" मावशी म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलंही नाही. "ऐकलंस ना? आता ऐकलंसच तर बस. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही ते."

मी लाकडाच्या खोक्यावर बसले. "मावशी, एवढी वर्षं… हे?"

"मग काय? प्रार्थना म्हणू? तिला? यादीत पहिलं नाव तिचंच आहे. पोराला खाणीत पाठवताना तिच्यासमोर मेणबत्ती लावली होती मी, ही माझ्या हाताएवढी." ती हात दाखवायला गेली आणि खांद्यानं दाखवू दिला नाही. "पहिल्या वर्षी तेवीस नावं होती. भराभरा म्हणायचे. मग लोक मरायला लागले. मेलेल्याचं नाव मी काढून टाकते, मेलेल्यावर राग धरू नये. काही टोरांटोला गेले, काही ऑस्ट्रेलियाला. तिथं गेलेल्याचंही काढते, त्यांचे हाल त्यांना पुरेत. यादी आखूड होत गेली तसतसे मी सावकाश म्हणत गेले. रंग कधी चुकला?"

"नाही."

"मग?"

"मग आज का चुकतोय?"

 उत्तर टेबलाकडून आलं. लोरेतानं गोळे वळता वळता, मान वर न करता सांगितलं.

"शेवटचं नाव गाळतायत. प्रेसुत्ती. सगळ्यात लांब होतं ते. 'प्रेसुत्ती, समोरचं घर, माझी चूल थंड होती आणि त्यांच्या धुराड्यातून धूर निघत होता, कांदा परतल्याचा वास माझ्या घरात आला, पण ते नाही आले.' चार श्वास जातात त्याला."

मावशीनं साचा मांडीवर टेकवला. "तुला कसं ठाऊक?"

"मी इथंच बसते, आई. चार हातांवर. एकोणीस वर्षं."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलायचं? फेरातेल्ले चांगले निघत होते."

असं उत्तर मी देऊ शकले असते तर गावात माझा जास्त मान असता.

मावशीनं विस्तवातलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "तिथं आता दोरीना जाणार. त्या घराचं नाव घेऊन कसं भाजू? त्याच घरी जाणारं ताट." आवाजात राग नव्हता. रागालाही अंगात थोडं बळ लागतं. दिवसभर ओझं वाहून आणावं आणि ज्याचं होतं त्यानं म्हणावं, 'आता नको होतं,' तशी ती दिसत होती. "नाव घेता येत नाही. आणि नाव सोडलं की कच्चं राहतं."

"तिथं आवे मारियाची एखादी ओळ घाला," मी म्हटलं.

"तू घाल. तुझी पळते ना, बरोबर बसेल."

आता माझ्याच्यानं राहवलं नाही. खरं तर गप्प राहायला हवं होतं. पण पानावर आपलं नाव चुकीच्या रकान्यात लागलेलं दिसलं की माझ्यासारखीला चैन पडत नाही.

"मावशी, माझं ऐकून घ्या. त्या वेळी जेवणांच्या पाळ्या मीच लावल्या होत्या. बर्फातून घरोघरी मीच फिरले. सहा जेवणं, सहा घरं. सहाच्या सहा भरली. सातवं भांडं आलं असतं तर वाया गेलं असतं, म्हणून मी नाही आले. माझा हिशेब बरोबर होता."

"होता," मावशी म्हणाली. "भांडी मी मोजलीच नव्हती, बाई. मी दार वाजायची वाट बघत होते."

 मी फडक्याखालचे अकरा फेरातेल्ले पुन्हा मोजले. अकराच होते.

मावशीनं साचा उचलायला श्वास घेतला, ओठ मिटले, आणि साचा आला नाही. पुन्हा श्वास घेतला. तिसऱ्यांदा तिनं नुसतेच हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, रिकामे.

लोरेता उठली. हात पुसले. सासूच्या मांडीवरून साचा उचलला, अगदी सहज, जसं झोपलेल्या लेकराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यावं. मावशी नाही म्हणाली नाही. खुर्ची सोडून खिडकीपाशी जाऊन बसली. मला वाटलं होतं या क्षणी काहीतरी होईल, आरडाओरडा, नाहीतर रडारड. काहीच झालं नाही. खुर्ची करकरली एवढंच.

लोरेतानं चरबी फिरवली, गोळा ठेवला, साचा विस्तवावर धरला, आणि थांबली. "काय म्हणू?"

"तुला येते ना यादी," मावशी खिडकीपाशून म्हणाली.

"येते. पण मला त्यांचा राग नाही. त्या तीन दिवसांतलं मला काहीच आठवत नाही, कोण आलं, कोण नाही. फक्त पोटात दोरीना लाथा मारायची तेवढं आठवतं."

"राग लागत नाही. मलाही कुठं रोज यायचा? नुसती नावं म्हण. करपतोय तो!"

तो करपला. दुसऱ्याला लोरेतानं यादी म्हटली, सपाट आवाजात, दुकानात सामान सांगावं तशी. मादोन्ना, पानफिलो, मार्कोतुल्ली, इदा, वेनान्त्सियो. "आदेलिना, मोजणारी, नाही आली." आणि पुढं ती मोकळी जागा आली, चार श्वासांची. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खट्याळपणा पाहिला.

"तिनं मोजलं," लोरेता म्हणाली, "सहा घरं, सहा भांडी, सहाच्या सहा भरली, सातवं वाया गेलं असतं, हिशेब बरोबर होता, म्हणून नाही आली."

साचा उलटला. दुसऱ्या बाजूलाही तेच, शब्दाशब्दानं. उघडला.

गव्हाचा रंग. कडेपासून कडेपर्यंत. मधोमध मावशीच्या बापाची अक्षरं, सोन्यानं काढल्यासारखी.

"दाखव," मावशी म्हणाली. लोरेतानं तो तिला नेऊन दिला. मावशीनं तो उजेडात धरला, वळवला, वास घेतला, आणि परत दिला. "सबब बरी भाजते," ती म्हणाली. "पुढचा घाल."

त्या दिवशी एकशे ऐंशी झाले, गुरुवारी दोनशे ऐंशी, बाकीचे शुक्रवारी. माझी सबब मी तीन दिवसांत बाराशेच्या वर ऐकली. पहिल्या शंभरात मला लाज वाटत होती. पुढच्या शंभरात राग आला. तिसऱ्या शंभरात माझ्या लक्षात आलं की ती सबब म्हणून फारशी चांगली नाही. मधे एक भोक आहे आणि त्यातून बर्फ दिसतो. त्यानंतर मात्र ते नुसते शब्द राहिले. मी डझन बांधत राहिले. मावशी खिडकीपाशी डुलक्या काढायची, आणि लोरेता कुठं अडखळली की डोळे न उघडता म्हणायची, "भाऊ दोन, चुली दोन."

मधेच एका दुपारी दोरीना सुल्मोनाच्या बाजारातून साखरेचे बदाम घेऊन आली होती. दारात उभी राहून तिनं आईच्या हातातला साचा पाहिला, आजीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आजारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "दमली आहे."

"आणि आई काय पुटपुटतेय?"

"तुझी आई आहे. तिलाच विचार."

तिनं विचारलं नाही. अशी मुलगी सासरी टिकते.

शनिवारी सकाळी पहिलं ताट मी नेलं. रस्ता ओलांडायचा तेवढाच, वीस पावलं. तीस फेरातेल्ले, वर कलाबतूचं फडकं. एल्वीरानं ताट खिडकीशी ठेवलं, चष्मा लावला आणि एकेक उचलू लागली. मी शेजारी उभी राहून मनात मोजत होते. तीस मोजायला मला इतका वेळ आयुष्यात लागला नव्हता. तीसही झाले. तिनं चष्मा काढला.

"एर्सिलियाचा हात अजून पक्का आहे," ती म्हणाली. "एवढं सगळं होऊन त्या बाईच्या तोंडी देव टिकला. माझ्यानं झालं नसतं."

मी म्हणू शकले असते की हात लोरेताचा आहे. म्हणू शकले असते की तोंडी काय आहे. मी म्हटलं, "मोजून घ्या, तीस आहेत."

तिनं ताट बाजूला ठेवलं, पण मला जा म्हणाली नाही. बाहेर समोरचं दार दिसत होतं. ती तिकडे बघत राहिली.

"बेरार्दोच्या वेळी मी गेले नव्हते," ती म्हणाली. "क्विरीनोला गोवर होता. म्हणजे… होता, पण उतरला होता. कारण शोधलं की सापडतं. आज जाऊन बोलावं की नको?"

"उद्या लग्न आहे," मी म्हटलं. "उद्या चर्चच्या पायरीवर हात धरून वर घ्या मावशीला. खांदा दुखतो, डावा हात धरा. बोलायचं बघू मग."

बाकीची ताटं वाटून होईपर्यंत दुपार झाली. शेवटचं ताट गिरणीवाल्या पानफिलोकडे दिलं. त्यानं दारातच एक मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझ्या नातीचं आहे. मावशीला सांग, आमचेही तिनंच भाजायचे. असा हात दुसरा नाही." मी मान डोलावली. मला त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं.

मग मी घरी गेले. सकाळी कोंबडी उकडत टाकली होती, तिच्या रश्शात बारीक शेवया सोडल्या, भांड्याला फडकं बांधलं आणि मावशीकडे निघाले. दार वाजवलं. एरवी मी वाजवत नाही, ढकलते.

"कोण मेलं?" आतून मावशी.

"कोणी नाही. मी आहे."

स्वयंपाकघरात चुलाणं विझलेलं होतं, तीन दिवसांत पहिल्यांदा. राख गार. लोरेता टेबलावर डोकं टेकून झोपली होती, उजवा हात पसरलेला, तळव्यावर दांड्याचे फोड. मावशी खिडकीपाशी होती तिथंच होती. साचा धुऊनपुसून भिंतीला लावलेला, पण तिच्या बाजूला नव्हे. लोरेताच्या खुर्चीमागं.

मी भांडं ठेवलं. मावशीनं झाकण उचललं, वाफ घेतली, माझ्याकडे पाहिलं. काय आहे ते तिला कळलं.  डाव्या हातानं तिनं चमचा घेतला. निम्मं रस्त्यातच सांडत होतं, पण मी मदत करायला गेले नाही. तिनं वाडगाभर खाल्लं. सावकाश.

"मीठ कमी आहे."

"हो."

"फेब्रुवारीत बरं लागलं असतं."

"हो."

 सगळं वाटून झालं होतं, सहाशे बेचाळीस, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फडक्याखालचे फिकट अकरा तेवढे उरले होते, आमच्यासाठी. मी एक रश्शात बुडवला. कच्चा असला तरी वाईट नव्हता. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं, शक्य तितकं सहज.

"मावशी, माझं नाव आता काढाल ना?"

तिनं चमचा ठेवला आणि झोपलेल्या लोरेताकडे पाहिलं, तिच्या त्या उघड्या तळव्याकडे.

"पानफिलोची नात पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "तुझं काढलं तर लोरेताला यादी पुरणार कशी? कच्चे निघतील." तिनं वाडगा माझ्याकडे सरकवला. "राहू दे तुझं नाव. आणखी घाल थोडं."